त्यानं तपासलेले ब्रेक

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. नागपुरात हुडकेश्वरला एक मेकॅनिक आहे. हौशी लोकांच्या गाड्या तो ट्रॅकवर पळवण्यासाठी तयार करतो. ब्रेकमधली हवा काढताना तो गाडीखाली असायचा आणि पेडलवर माझा पाय. "दाबा काका... धरून ठेवा... सोडा." मग हात पुसत म्हणायचा, "जाऊ द्या आता बिनधास्त." पुन्हा गाडीकडे बघायचाही नाही.

एकदा ट्रॅकवर भर वेगात, वळणातच घाबरून मी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला. वळणात असा पाय काढला की मागची चाकं सुटतात; गाडी गर्रकन फिरून टायरच्या भिंतीवर आदळली. लोक धावत आले, त्यांच्यात तोही होता, आणि माझ्या तोंडून निघालं, "ब्रेकच लागला नाही." तो गाडीखाली शिरला, बऱ्याच वेळानं बाहेर आला. "काही दिसत नाही, पण माहीच चुकी असन," म्हणाला.

तेव्हापासून आवळलेला नटही तो पुन्हा पुन्हा आवळतो, दिलेली गाडी परत बोलावतो. गिऱ्हाइकं हसतात, "काहून एवढा भिऊन राहिला गा? गाडी देतं का ठेवून घेतं?"

परवा सिग्नलला भेटला. खिडकीशी वाकून त्यानं विचारलं, "काका, ब्रेक बराबर लागून राहिले ना?"

ते तेव्हाही लागत होते, घाबरलो मी होतो, मला माफ कर, एवढंच सांगायचं होतं. मी "हो" म्हणालो आणि गाडी पुढे काढली.