दाबलं की एक, ओढलं की दुसरा

ऑर्केस्ट्रा बंद पडला की वाद्यं विकली जातात, माणसं पांगतात, बॅनर कुणाच्या तरी गच्चीवर ताडपत्री म्हणून पडतं. किस्से मात्र कुणी विकत घेत नाही, त्यामुळे ते आपल्याकडेच साठून राहतात! आमच्या मेलडी पार्टीची बसवलेली गाणी जेमतेम चाळीस, किस्से चारशे तरी असतील. जुनी मंडळी भेटली की अजून सुरू होतात. फक्त एका माणसाचे किस्से निघाले की मी पाणी प्यायला उठतो. आज उठत नाही, सांगूनच टाकतो.

आम्ही सगळे एकलहऱ्याच्या पॉवर हाउसमधले. ड्युटी सुटली की कॉलनीच्या हॉलमध्ये तालीम. विलास कीबोर्डवर, सुरेश ऑक्टोपॅडवर, दोघे गाणारे आणि मी निवेदक. म्हणजे ज्याला काहीच वाजवता येत नाही तो!

*

नव्वदीची सुरुवात असेल. तालमीच्या वेळी हॉलच्या दारात एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ येऊन उभे राहिले. शांतवन त्यांचं नाव, बॉयलर सेक्शनला फिटर. हातात कापडी पिशवी.

"मीही वाजवतो थोडं. घेता का बघा."

पिशवीतून निघाली एक चिमुकली, सहा कोनांची भात्याची पेटी. दोन्ही बाजूंना बटणं. कॉन्सर्टिना म्हणतात म्हणे तिला.

विलासने विचारलं, "काय वाजवता यावर?"

"डोंगरातली गाणी."

"कुठला डोंगर? त्र्यंबकचा की वणीचा?"

"अमेरिकेतला."

आम्ही हसणार होतो, पण माणूस गंभीर होता. शांतवनकाकांची आई मिशनच्या दवाखान्यात आया होती. तिथल्या अमेरिकन डॉक्टरबाईंनी लहानग्या शांतवनला ही पेटी शिकवली, आपल्या गावाकडच्या नाचाच्या चाली शिकवल्या आणि मायदेशी जाताना पेटी त्यालाच देऊन टाकली. चालींची इंग्रजी नावं काका विसरले होते, म्हणून त्यांनी स्वतःची ठेवली होती. कोंबडीची चाल, पुलावरची चाल, आगगाडीची चाल.

कोंबडीची चाल इतक्या वेगात वाजली की सुरेशच्या हातातल्या काड्या हातातच राहिल्या. मग तो म्हणाला, "काका, सगळं झालं, पण यात कोंबडी कुठेय?"

"पळाली! म्हणून तर एवढी घाई!"

काकांना लगेच पार्टीत घेतलं.

*

विलास मुळातला हार्मोनियमवाला. त्याला वाटलं, ही काय, आपल्या पेटीची धाकटी बहीण! पाच मिनिटांत घाम फुटला. भाता दाबला की सा, आणि तेच बटण धरून भाता ओढला की रे!

"काका, ही बिघडलीये!"

"बिघडली नाही रे, ती अशीच असते. दर बटणाला दोन सूर. दाबलं की एक, ओढलं की दुसरा."

"हे लक्षात कसं ठेवायचं?"

"आपले साहेब आठव. केबिनमध्ये एक बोलतात, बाहेर आले की दुसरंच. तरी आपण नोकरी करतोच ना?"

हा किस्सा मी पुढे स्टेजवरून शंभरदा सांगितला आणि दर वेळी टाळ्या घेतल्या. मनातून मात्र मला वाटायचं, पेटी म्हातारी झालीये म्हणून तशी वाजते, काका विनोद करून झाकून नेतायत. कधी नीट विचारलंसुद्धा नाही. माझं काम बोलायचं होतं ना!

*

दिंडोरीला एका द्राक्षबागायतदाराच्या मुलीची हळद होती. मांडवाच्या कडेला छाटणीसाठी पेठकडून आलेले मजूर उभे होते. काकांनी पुलावरची चाल काढली आणि त्यातला एक म्हातारा थेट स्टेजसमोर येऊन नाचायला लागला. कमरेत वाकून, गोल गोल.

बागायतदार ओरडले, "आरं, त्याला बाजूला घ्या!"

म्हातारा हटायला तयार नाही. "ही आमचे डोंगरातली चाल हाय! आमचेकडं पावरीवर वाजवत्यात ही!"

पावरी म्हणजे तिकडचं भोपळ्याचं फुंकायचं वाद्य. काका पेटीसकट खाली उतरले, म्हाताऱ्याला त्याचं गाव विचारलं, तो नाचला तेवढा वेळ त्याच्यासमोर उभं राहून वाजवलं. वर आले ते घामाघूम.

मला म्हणाले, "बाईंनी मला खोटं सांगितलं रे! हे अमेरिकेतलं नाहीच!"

त्या दिवसापासून पुलावरच्या चालीचं नाव झालं पेठची चाल.

*

आता माझं एक पाप सांगतो. काकांना आम्ही पार्टीत घेतलं खरं, पण त्यांची जागा कुठे, तर मध्यंतरात. लोकांना सिनेमाची गाणी हवी असायची. मग मी माईकवर ठरलेलं वाक्य टाकायचो, "रसिकहो, आता चहा फिरेल, तोवर आमचे काका पेटी वाजवतील!" कपबशांच्या खणखणाटात काका मान खाली घालून वाजवायचे. पाच मिनिटं. चहा लवकर संपला तर तीन.

एकदा गणपतीत नाशिकरोडच्या एका सोसायटीत कार्यक्रम रंगात आला आणि वीज गेली. आम्ही सगळे वीज बनवणारे, आणि बसलो अंधारात! कीबोर्ड मेला, ऑक्टोपॅड मेला, माईक मेला म्हणजे मीही मेलो. चालू राहिली फक्त काकांची पेटी.

काकांनी पाऊण तास वाजवलं. एकही खुर्ची हलली नाही. पोरं रडायची थांबली. आगगाडीच्या चालीला तर अख्खी सोसायटी अंधारात पायाने ठेका धरत होती. आणि दिवे आले! मी झडप घालून माईक उचलला, "तर रसिकहो..."

मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, लाईट घालवा परत!"

लोक हसले, मीही हसलो. आणि पुढचं गाणं जाहीर केलं. काका पेटी पिशवीत भरत होते, ते आजही मला दिसतं. थांबवायला हवं होतं मी त्यांना.

*

दोन हजारनंतर डीजे आले आणि आमचे कार्यक्रम वर्षाला दोन-तीनवर आले. काका तोवर रिटायर होऊन शरणपूरला राहायला गेले होते. एके सकाळी ते पेपरचं कात्रण घेऊन माझ्याकडे आले. दिंडोरी रोडला एक नवी वायनरी निघाली होती. शनिवार-रविवारी येणाऱ्या पाहुण्यांसाठी त्यांना वादक हवे होते. कंट्री, ब्लूग्रास, म्हणजे अमेरिकेतल्या डोंगराकडची गाणी वाजवणारे. ऑडिशन पुढच्या रविवारी.

सुरेश म्हणाला, "द्राक्षबागेत गवत उगवलं की औषध मारतात, आणि हे ब्लूग्रास मागतायत!"

काका हसले नाहीत. "ही माझीच गाणी आहेत रे. बाईंच्या गावाकडची. आख्ख्या नाशकात दुसरं कोण वाजवणार आहे?" मग म्हणाले, "मला नोकरी नको. एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायचंय. चहा न फिरवता."

माझी मान खाली गेली. आयुष्यात पहिल्यांदा मी काकांसाठी काहीतरी करायचं ठरवलं. आणि तिथेच घोळ झाला.

*

पेटीचं एक बटण अडकत होतं. मी म्हटलं, "द्या इकडे, पंचवटीतल्या अण्णांकडून करून आणतो." अण्णा म्हणजे हार्मोनियम दुरुस्तीतला शेवटचा शब्द. गोदाकाठच्या निम्म्या भजनी मंडळांच्या पेट्या त्यांच्या हाताखालून गेलेल्या.

काका म्हणाले, "फक्त तेवढं बटण हं."

मी मात्र अण्णांना काय सांगितलं? "अण्णा, माणूस मोठा आहे, ऑडिशन मोठी आहे. सगळीच्या सगळी तपासा!"

रविवारी सकाळी गेलो तर अण्णांचे डोळे लाल झालेले. "अरे, एक बटण काय घेऊन बसलास? सगळीच बिघडली होती! एका बटणातून आत एक सूर, बाहेर दुसरा. जुनी वस्तू, उतरले असणार. तीन दिवस कानस घेऊन बसलोय. आतली एकेक पितळी पट्टी घासून दोन्हीकडचे सूर एक केले!"

आणि मी काय केलं? अण्णांच्या पाया पडलो! वर म्हणालो, "काका त्यावरून विनोदसुद्धा करायचे, अण्णा!"

अण्णांना आपलं काम ऐकायचं होतं. धुतलेलं धोतर नेसून ते माझ्या स्कूटरवर मागे बसले. पेटी त्यांच्या मांडीवर.

*

आम्ही पोचलो तेव्हा काकांचं नाव पुकारत होते. विलास त्यांना जीपने घेऊन आला होता. मी पळत जाऊन पेटी हातात दिली. काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि ते लाकडी स्टेजवर चढले. समोर मुंबईचे तिघे साहेब, वह्या घेऊन. चहा कुठेच नव्हता.

काकांनी भाता दाबला. सूर आला. ओढला. तोच सूर आला.

त्यांनी दुसरं बटण दाबलं. मग तिसरं. मग चष्मा काढून पेटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझ्या शेजारी अण्णा उभे होते, हात जोडून, चेहरा उजळलेला.

"अंकल, कुछ प्रॉब्लेम?" एका साहेबाने विचारलं.

काका म्हणाले, "नाही साहेब. हात घाबरले माझे."

आणि त्यांनी वाजवायला घेतलं. पन्नास वर्षं बोटांत बसलेली चाल, आणि दर दोन पावलांवर पायरी गायब! कोंबडी पळायची, पडायची, पुन्हा उठायची. दोन मिनिटांनी साहेबांनी "थँक यू" म्हटलं. काकांनी वाकून नमस्कार केला.

अण्णा पुढे धावले. "शांतवनराव, सूर बघितलेत? आता कसे सरळ लागतायत!"

"हो अण्णा. फार मेहनत घेतलीत तुम्ही."

पार्किंगमध्ये विलासने पेटी एकदा आत-बाहेर करून बघितली आणि माझी कॉलर धरली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शंभरदा सांगितलेला किस्सा मला त्या दिवशी कळला! मी म्हटलं, "परत पहिल्यासारखी करून घेऊ." विलास म्हणाला, "घासलेलं पितळ परत येतं का रे, गाढवा?"

काकांनी आम्हा दोघांना बाजूला घेतलं. "कुणी काही बोलायचं नाही. त्या माणसाने तीन दिवस डोळे फोडलेत यावर."

पुढे कित्येक महिने कॉलनीत सगळे म्हणायचे, काका ऐन वेळी घाबरले. काका तिकडे आले की ते ऐकून मान डोलवायचे. मी तिथेच उभा असायचो आणि गप्प राहायचो.

*

आता शेवटचा. ऑडिशननंतर पंधरा दिवसांनी मी शरणपूरला काकांकडे गेलो. त्याआधी तीनदा गेटपासून परत फिरलो होतो. दार उघडंच होतं. काका खुर्चीत बसून आगगाडीची चाल वाजवत होते. म्हणजे बोटं जुन्या सवयीने पळत होती, भाता आत-बाहेर होत होता, पण पेटीतून जवळजवळ आवाज नव्हता. नुसती हवा सोडायचं एक वेगळं बटण असतं, ते त्यांनी अंगठ्याने दाबून धरलं होतं. सूर ते तोंडाने म्हणत होते.

मला बघून थांबले. मी म्हटलं, "काका, चुकलं माझं." ते म्हणाले, "बस."

एवढ्यात दारात अण्णा! हातात फडक्यात गुंडाळलेली कानस.

"शांतवनराव, पंधरा दिवस चैन नाही मला. तुमच्या पेटीत एक बटण माझ्याकडून राहून गेलं, त्या दिवशी तुम्ही वाजवताना कानावर आलं. डाव्या हाताचं, अगदी टोकाचं. त्यातून अजून दोन सूर निघतायत. द्या इकडे, दहा मिनिटांत सरळ करतो."

काकांनी पेटी छातीशी धरली. मी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी नजरेनेच मला गप्प केलं.

"राहू द्या अण्णा. ते एक राहू द्या."

"अहो, असा दोष ठेवून कसं चालेल? उद्या कुणी ऐकलं तर लोक मला नावं ठेवतील!"

"नाही ठेवणार अण्णा," काका म्हणाले. "मी आता कुणापुढे वाजवत नाही."