गाव विचारणाऱ्या मॅडम

माणूस असो की स्नायू, आमच्या अ‍ॅनाटॉमीच्या मॅडम आधी गाव विचारत. धुळ्याच्या मेडिकल कॉलेजात पहिल्याच दिवशी त्यांनी मला गाठलं. "कोनतं गाव तुन्हं?" मी कसंबसं म्हटलं, भडगाव. "मग एवढी घाबरतेस काय? पुढे बस."

पाठीचे स्नायू शिकवताना तर त्यांना चेवच येई. "पाठीवर दिसतो म्हणून पाठीचा समजू नका," त्या टेबलावर हात आपटून सांगत. "वरवरचे बहुतेक हाताच्या कामासाठी आलेले पाहुणे. खोल, कण्याला धरून बसलेले, ते घरचे. ओळखायचं कसं? त्याची नस कुठून आली ते विचारा. ती सांगेल ते गाव खरं." घरच्यांच्या नसा कण्यातून निघून लगेच मागे वळतात, पाहुण्यांच्या बहुतेक मानेकडून लांबून येतात. मानेपासून खांद्यापर्यंत पसरलेल्या ट्रॅपेझियसची नस तर कवटीतून निघून मानेच्या कडेने, जवळजवळ कातडीखालूनच उतरते. हे आम्हाला झोपेतून उठवलं तरी येई, कारण मॅडम चहाच्या टपरीवरही विचारत.

मी दुसऱ्या वर्षाला असताना आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, मानेतली गाठ काढली. जखम भरली, पण उजवा हात खांद्याच्या वर जाईना. तेल झालं, शेक झाला. सगळे म्हणाले, वय झालं. केळीचा घड उतरवता येईना, तेव्हा आबांनी मळा दुसऱ्याला कसायला द्यायचं ठरवलं आणि घरात बोलणंच टाकलं. मला ते बघवेना. मी त्यांना मॅडमकडे घेऊन गेले.

मॅडमनी त्यांना पाठमोरं उभं केलं. "आबा, खांदे उडवा." डावा उडाला, उजवा ढिम्म. मॅडमनी मानेवरच्या व्रणावर बोट ठेवलं. "खांद्याला कसलं तेल चोळताय? त्याच्या गावाची वाट इथून जाते. गाठ काढताना नस तुटलीय."

"जुडी का, बाई?" आबांनी मान वळवून विचारलं.

"जोडू की. फक्त आता उशीर नको."

सर्जनला फोन त्यांनीच लावला. ऑपरेशनच्या दिवशी बाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी बसून राहिल्या. नंतर दर रविवारी त्यांचा फोन यायचा, "हात कुठवर आला?" पहिले काही महिने काहीच हलेना. आबा चिडून फोनवर यायचे नाहीत, तरी मॅडम पुढच्या रविवारी हजर.

गेल्या वर्षी मॅडम निवृत्त झाल्या. निरोप समारंभाला आबा आले ते स्वतः उतरवलेला केळीचा घड घेऊन. न बोलावताच मंचावर चढले आणि उजवा हात सरळ डोक्यावर नेला. "देखा बाई!"

मॅडम खुर्चीतून उठल्या आणि थेट त्यांच्या पाठीमागे जाऊन उभ्या राहिल्या. "आबा, सदरा काढा." अध्यक्ष गोंधळले. आबांनी मात्र हसत सदरा काढला आणि हात पुन्हा वर नेला. खांद्याचा फरा, ते मागचं चपटं हाड, कसा छान फिरला! मॅडमच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि बोट ट्रॅपेझियसवर होतं. "मागची पोरं पुढे या रे! हे पुस्तकात दिसणार नाही!"

सगळा हॉल मंचाभोवती लोटला. निरोपाचं भाषण राहूनच गेलं. मॅडमनी त्या दिवशीही तासच घेतला.