मायच्या डोळ्यातली नळी

मायचा डोळा कोरडा असलेला मला आठवतच नाही. डावा लहानपणीच तूरखाटी, म्हणजे तुरीची वाळकी काडी, लागून गेलेला, आणि उजव्यातून सदा पाणी. आमच्या सोनगीरला तिच्यासारखे मांडे कुणाला जमत नसत. चुलीवर मातीचं खापर पालथं घालायचं, हातावर फिरवून फिरवून पुरणाची पोळी ताटाएवढी करायची आणि त्यावर टाकायची. धूर असा की शेजारणीने आपल्या घरात डोळे पुसावेत. त्यामुळे मायचं पाणी धुराचं, हे आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. चूल विझलेली असतानाही ते का येतं, हा प्रश्न कुणाच्या डोक्यात आला नाही. धन्य आम्ही!

नव्वदच्या दशकाच्या शेवटाला त्या एकुलत्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. माणूस ती आवाजावरून ओळखू लागली, मांडे हाताच्या अंदाजाने करू लागली. मी तिला जळगावला माझ्याकडे, पिंप्राळ्याला घेऊन आले. वाटलं, मोतीबिंदू काढला की झालं. डोळ्याच्या डॉक्टरांनी नाकाशेजारचा कोपरा बोटाने दाबला, तर डोळ्यातून चक्क पू आला.

"पाणी नाकात उतरायची वाट बंद आहे," ते म्हणाले. "आधी ती उघडून घ्या. हा पू डोळ्याच्या आत गेला तर डोळा जाईल."

दुसरा डोळा होता कुठे जायला!

त्यांनी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. ते म्हणाले, चेहऱ्यावर चिरा नको, नाकातून दुर्बीण घालून नवी वाट करू आणि ती बुजू नये म्हणून सिलिकॉनची बारीक नळी काही महिने आत ठेवू. मला पटलं. वाट केली तर ती उघडी ठेवायला काहीतरी पाहिजेच की! पण धुळ्याला माझा मोठा भाऊ. त्याने तिकडच्या डॉक्टरांना विचारलं आणि एसटीडी बूथवरून मला फोन केला.

"नळीची गरज नाही म्हणतात. वाट नीट मोठी केली की राहते उघडी. उलट नळीमुळेच कधी कधी आत मांस वाढतं."

"मग आमचे डॉक्टर काय येडे आहेत का?"

"मी कुठे म्हटलं येडे? हे म्हणतात, गरज नाही."

मी परत जळगावच्या डॉक्टरांकडे. सरळच विचारलं, नळी नाही घातली तर? ते शांतपणे म्हणाले, "कुणी घालतात, कुणी नाही. नळीने फरक पडतोच असं छातीठोक कुणी सांगणार नाही. मी घालतो." आता यावर बाईमाणसाने काय करावं? दोघेही शिकलेले, दोघेही चांगले, आणि डोळा एक. माझ्या डोक्याचं पार भजं झालं. रात्री नळी पाहिजे वाटायचं, सकाळी नको वाटायचं. शेवटी मायच वैतागली. "लेक शे तठेच करी टाकू. नयी घालो नाहीतर नको घालो." नयी म्हणजे नळी.

ऑपरेशन जळगावला झालं, नळीसकट. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात वरच्या पापणीतून खालच्या पापणीत गेलेला काचेसारखा बारीक धागा तेवढा दिसायचा. डोळा चोळायचा नाही, पदराने पुसायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मीही तिला गावी सोडताना इतकं बजावलं की ती म्हणाली, "बस कर वं, बाई!"

आणि गेल्या गेल्या तिची जेठानी, म्हणजे थोरली जाऊ, वारली. घर शेजारचंच. मी फोनवर म्हटलं, माय, तू जाऊ नको. "जेठानी मरनी अन मी घरमा बसू?" तिचंही खरंच होतं. आमच्याकडे दारावर, म्हणजे दुखवट्याला, येणाऱ्या बाया नुसत्या बसून उठत नाहीत. गळ्यात गळा घालून मोठ्याने रडतात आणि मग एकमेकींचे डोळे आपल्या पदराने पुसतात. न पुसता उठणं म्हणजे माणुसकी सोडल्यासारखं. तशीच एक नात्यातली बाई मायचा डोळा पुसायला गेली. तिला कोपऱ्यात काहीतरी चमकलं. चिपड समजून तिने ते पदराच्या टोकात धरलं आणि मायेने ओढलं.

नळीचा फास गालावर लोंबायला लागला. बाई किंचाळली, रडारड जागच्या जागी थांबली. भाऊ तिथेच होता. त्याने मायला जीपमध्ये घातलं आणि धुळ्याला नेलं, कारण धुळे जवळ. मी जळगावहून पोचेपर्यंत तिथल्या डॉक्टरांनी नळी कापून नाकातून काढूनही टाकली होती. मुदतीच्या किती तरी आधी! मी भावावर एवढी चिडले की दवाखान्यातच आवाज चढला. डॉक्टर मात्र पिचकारी घेऊन मायच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून मिठाचं पाणी सोडत होते. भांडण सोडून आम्ही दोघं बघू लागलो. मायने घोट गिळला.

"खारं लागनं," ती म्हणाली.

पाणी घशात उतरलं होतं. वाट उघडी होती! मी तिथेच रडले.

धुळ्याचे डॉक्टर म्हणाले, बघा, नळी नसती तरी चाललं असतं. जळगावचे म्हणाले, होती तेवढ्या दिवसांत तिने काम केलं. दोघेही खूश. खरं कुणाचं, मला तेव्हाही कळलं नाही, आजही कळत नाही. दोन माया थोड्याच होत्या, एकीला घालून आणि एकीला न घालता बघायला! पुढे मोतीबिंदूही काढला आणि मायला दिसू लागलं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी गेले. मायने खापर लावलं, मांडे केले. चुलीपासून लांब, ओट्यावर आम्ही जेवायला बसलो. भाऊ पहिला घास घेऊन बोलून गेला, "माय, यंदा एकबी मांडा काळा नही."

मायचा हात थांबला. "गेल्या साले काळा व्हतात?"

भाऊ ताटाकडे बघत मांडा मोडू लागला.

"मंग माले कोनी सांगं काबरं नही?"

तिच्या डोळ्यातून पाणी गालावर आलं. मला वाटलं, बंद झाली परत वाट! "तुझ्या डॉक्टरने नळी काढली म्हणून," मी भावावर ओरडले. तो म्हणाला, "तुझ्या डॉक्टरने घातलीच कशाला? मांस वाढलं असेल." मी मायच्या नाकाशेजारचा कोपरा दाबायला हात पुढे केला. तिने तो झटकला.

"काय दाबतीस वं? मी रडी ऱ्हायनू."

तिची सख्खी बहीण वारली, बाबा गेले, मी सासरी निघाले, तेव्हाही तिच्या गालावर हेच पाणी होतं, आणि चुलीपासून जरा लांब बस, असं आम्ही तिला सांगत आलो होतो.