पाचवं नाव

दुपारी जेवून लॅपटॉपसमोर बसू नये, हे विनयाला चांगलं ठाऊक आहे, तरी ती बसते. कुळथाची पिठी आणि भात पोटात, पंखा डोक्यावर आणि समोर तीच ती यादी. पापण्या मिटतात, उघडतात. मिटल्या तरी यादी, उघडल्या तरी यादी. त्यामुळे आपण जागे आहोत की नाही, हे तिला नक्की सांगता येत नाही. बाहेर पडवीत आई जाळं दुरुस्त करते आहे आणि तिच्या बांगड्या वाजताहेत, म्हणजे आपण जागेच असणार, असं ती ठरवून टाकते.

यादी वादळाची आहे. अठरा वर्षांपूर्वी या बंदरातल्या होड्या ज्या वादळात सापडल्या, त्यातल्या माणसांची. मच्छीमार सोसायटीने या वर्षी तिचं वेबपान करायचं ठरवलं, आणि गावात वेबपानं करणारी विनया एकटीच, म्हणून काम तिच्याकडे आलं. वरच्या यादीत ‘परत आलेले’, खालच्या यादीत ‘न आलेले’, होडीवार. नावं लांबच लांब होत होती, म्हणून तिने स्टाइलशीटमध्ये मजकुराचे रकाने पाडले. रकाने किती ते मात्र सांगितलं नाही. एक रकाना केवढा रुंद हवा तेवढंच सांगितलं आणि मधे निळी बारीक रेघ दिली. मावतील तितके रकाने ब्राउझरने आपले आपण करावेत, हा त्यातला शहाणपणा. ब्राउझर मग बाजारातल्या मासेवालीसारखा सारखे वाटे घालत बसतो. कोणता मासा कोणाच्या जाळ्यातला, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

लॅपटॉपवर दोन रकाने पडले होते आणि सगळं ठीक दिसत होतं. आज सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर चार पडले. ‘न आलेले’ हा मथळा, खाली ‘सातेरीप्रसाद’ हे होडीचं नाव आणि त्या होडीतली चार माणसं तिसऱ्या रकान्याच्या तळाशी राहिली. पाचवं नाव निळ्या रेघेपलीकडे उडी मारून चौथ्या रकान्याच्या माथ्यावर जाऊन बसलं, एकटं, डोक्यावर मथळा नाही की होडी नाही. ते नाव आत्माराम कुबल. विनयाचे बाबा.

आई सोबत होती. तिला अक्षरं सावकाश लागतात, पण हे नाव चटकन लागलं. ती पडद्याकडे बोट करून म्हणाली, “चौघे थंय, आणि ह्यो एकटोच हय. कशाक?”

विनयाने सांगून पाहिलं की ही मशीनची करामत आहे. आईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिच्या मनात अठरा वर्षं जे आहे त्याला आता मशीननेही साक्ष दिली होती. चौघांची प्रेतं सापडली, आत्मारामचं सापडलं नाही. महिन्याभराने गावातला बाबल्या येऊन सांगून गेला की कारवारच्या बंदरात त्याने आत्मारामला पाहिलं, सोबत एक बाई होती. वादळाच्या आदल्या दिवशी घरात भांडणही झालं होतं. आईने ना कधी कुंकू पुसलं, ना कधी त्याचं दिवसपाणी केलं. येत्या शनिवारी बुडालेल्यांच्या आठवणीला सातेरीप्रसादच्या पाच घरांनी पाच पणत्या लावायच्या आहेत, त्यातली एक तिची. हॉलच्या पायरीवरच तिने सांगून टाकलं की ती येणार नाही.

खरं तर दुरुस्ती एका ओळीची आहे. हा गठ्ठा मधून तोडू नकोस, एवढंच ब्राउझरला सांगायचं. विनयाने ती ओळ शंभर वेळा लिहिली असेल. आज मात्र सकाळपासून तिचा हात तिकडे जात नाही. कारण बाबल्याचं बोलणं आईने जेवढं मनावर घेतलं, तेवढंच लेकीनेही घेतलं आहे, फक्त तिने ते कोणाला कळू दिलेलं नाही.

तर ती यादीकडे बघते आहे आणि तिच्या मागे उभं राहून कोणीतरी नावं मोजतं आहे. एक, दोन, तीन, चार. पुन्हा एक, दोन, तीन, चार.

ती वळून बघत नाही. आवाज ओळखीचा आहे, म्हणून तर नाहीच. ती विचारते, काय मोजतोयस. आवाज म्हणतो, आपलाच हिशेब लागत नाही.

खोलीला आता मागची भिंत नाही. विनया खुर्चीवरच बसलेली आहे, पण खुर्ची धक्क्यावर आहे आणि समोर बांबूंवर सुकत घातलेल्या बांगडे माशांच्या रांगा आहेत. चार रांगा, सारख्या लांबीच्या, सारख्या अंतरावर. दोन रांगांच्या मधून निळं पाणी वाहतं आहे, हातभर रुंद. शेवटच्या रांगेच्या टोकाशी, पाण्यापलीकडे, बाबा उभे आहेत. अलीकडच्या काठाला सातेरीप्रसाद आहे, मागच्या बाजूने करवतीने कापल्यासारखी. तिच्यात चौघे जण पाठ करून बसले आहेत.

विनया आधी त्यांचे कपडे बघते. कपडे कोरडे आहेत. बुडालेल्या माणसाचे कपडे कोरडे कसे, असं ती विचारते.

“अठरा वर्सां झाली गो,” बाबा म्हणतात. “सुकूक नको?”

तिला हसू येतं आणि त्याचा रागही येतो. बाबा असेच. आई भांडायला उभी राहिली की हे काहीतरी बोलून तिला हसवायचे आणि भांडण तसंच राहायचं. शिवाय अंगातला चौकड्यांचा शर्ट तिने कधी पाहिलेला नाही. शर्ट कोणी घेऊन दिला, असं ती विचारते. आईला विचार, बाबा म्हणतात. ट्रंकेत तळाशी होता. आईच्या ट्रंकेत तळाशी काय आहे ते विनयाला माहीत नाही. पटण्यासारखं उत्तर आहे, पण कारवारची बाईसुद्धा ट्रंक बाळगत असेलच की.

“कारवाराक तू होतंस काय?” ती सरळच विचारते.

 बाबल्या अजून तेवढीच दारू पितो का, असं बाबा उलट विचारतात. विनयाला वाटतं, सापडला. ज्याच्याकडे उत्तर असतं तो उत्तर देतो, नसतं तो प्रश्न विचारतो. ती खुर्चीवरून उठायला जाते, तर ती शाळेच्या बाकावर आहे, फळ्यावर तिच्या हातची यादी आहे आणि बाबा मास्तरांच्या जागी उभे राहून तिच्याकडे रोखून बघताहेत. दोघांच्या मधून पाणी मात्र तसंच वाहतं आहे. आता संशय त्यांच्या डोळ्यांत आहे.

ते विचारतात की आपलं नाव पलीकडे कोणी टाकलं. ती म्हणते, आपोआप गेलं. मग परत का आणलं नाहीस, असं ते विचारतात. 

“तू मुद्दाम ठेवलंस,” बाबा म्हणतात.

हो, मुद्दाम. विनयाला ते आता आतून धडधडीत दिसतं, आणि ती बोलून टाकते. नाव एकटं पडलेलं पाहून तिलाही सकाळी बरंच वाटलं होतं. कारवारात जिवंत असलेल्या बापाला शिव्या देता येतात. एखाद्या दिवशी जाऊन त्याच्या दारात उभं राहता येतं. बुडालेल्या बापाचं काय करायचं? सोळा वर्षांची होती तेव्हापासून ती त्याच्यावर चिडून जगली आहे, आणि तो जर त्या दिवशीच मेला असेल तर हे सगळं चिडणं कोणावर होतं, हे तिला कळत नाही. बोलता बोलता तिला रडू फुटतं.

बाबा पाण्याच्या काठाशी उकिडवे बसतात. त्यांना ते ओलांडता येत नाही, हे तिला आत्ता कळतं. हातभर तर पाणी आहे.

“आमी पाचय जण एका होडीत. अठरा वर्सां,” ते म्हणतात. “आज सकाळपासून मी एकटोच हय. हाक मारतंय, कोण आयकत नाय.”

अलीकडे होडीतल्या चौघांपैकी कोणीही मान वळवत नाही. विनया अजूनही खात्री करून घेऊ पाहते. त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी शोधते, शर्टाच्या कॉलरला परका वास शोधते. तिथे एक थकलेला माणूस आहे आणि त्याला भीती वाटते आहे. तिने आपल्या बापाला घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

“बोट दी,” ते म्हणतात.

लहानपणी दुकानात पाठवताना ते तिच्या करंगळीला सूत बांधायचे, विसरू नये म्हणून. ती पाण्यावरून हात लांब करते. ते डाव्या हाताने गाठ मारतात, नेहमीसारखी उलटी. बोटं थंड आहेत आणि त्यांना खारा वास येतो. विसरू नको म्हणायची गरज त्यांना वाटत नाही. पंखा कुरकुरतो.

पंखा थांबला आहे, वीज गेली. मान अवघडली आहे. लॅपटॉप बॅटरीवर चालू आहे आणि यादी जशीच्या तशी. मनी वसे ते स्वप्नी दिसे, विनया स्वतःला बजावते. माणसाला जे हवं असतं तेच बापाच्या तोंडून ऐकू येतं. ती डोळे चोळायला हात वर करते आणि तिच्या करंगळीला निळं नायलॉनचं सूत दिसतं.

ती पडवीत जाते. आईच्या मांडीवर तेच निळं सूत आहे, रीळभर. म्हणजे हिचंच काम. झोपलेल्या पोरीच्या बोटाला दोरा बांधून हिला काय मिळालं? ती हात पुढे करते आणि जरा चढ्या आवाजात विचारते, हे तू बांधलंस का.

आई चष्मा वर सरकवते. विनयाचा हात धरून उजेडात वळवते. नवऱ्याने दुरुस्त केलेलं जाळं ती शंभर जाळ्यांतून ओळखायची, कारण तो डावरा होता आणि त्याच्या गाठीचा पीळ दुसऱ्या बाजूला पडायचा. ती गाठ अंगठ्याने चाचपते. एकदा, आणि परत एकदा. विनया तिचा चेहरा बारकाईने बघते, पण तिथे बनवाबनवी नाही.

“ही गाठ माज्या हाताची न्हय,” आई म्हणते.

मग ती रीळ खाली ठेवते. विनया तिला ट्रंकेतल्या शर्टाबद्दल विचारणार असते, पण आई तिच्याकडे न बघता उठते, आत जाते आणि ट्रंकेचं झाकण उघडल्याचा आवाज येतो. आतूनच ती विचारते,

“शनवारी किती वाजता जावचा आसा?”

विनया वेळ सांगते. मग लॅपटॉपपाशी बसून ती एक ओळ लिहिते. पान नव्याने उघडतं, आणि सातेरीप्रसाद आपल्या पाचही माणसांसकट रेघेच्या एकाच बाजूला येते.