बटणांचा फोन आणि आप्पांचे अंगठे

पाण्याचे पंप विकणाऱ्या त्या कंपनीत काहीही विकत घ्यायचं झालं, मग ती खुर्ची असो की कात्री, तरी ते आधी एका बाईंच्या हाताखालून जायचं. कागदोपत्री त्या खरेदी विभागातल्या साहाय्यक. पण हिशेबनिसांनी एकदा चिडून त्यांना ‘चाळणीबाई’ म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. बाईंना त्याचं काही वाटत नसे. "चाळणी आहे म्हणून तुमच्या दाताखाली खडे येत नाहीत," असं त्या हिशेबनिसांना तोंडावर सुनवायच्या.

त्यांची तपासायची रीत अगदी साधी होती. जी वस्तू घ्यायची, ती ज्याच्या हातात सगळ्यात लवकर मोडेल त्याच्याच हातात द्यायची. नव्या खुर्च्यांचा नमुना आला तेव्हा नणंदेचे यजमान काही कामाने ऑफिसात डोकावले होते. चांगले भारदस्त गृहस्थ. "बसा ना, चहा सांगते," असं म्हणून बाईंनी त्यांना त्याच खुर्चीत बसवलं. चहा येण्याआधी खुर्चीची पाठ गेली. कंपनीचं नुकसान टळलं, पण यजमान त्या ऑफिसची पायरी पुन्हा चढले नाहीत.

अशा बाईंच्या टेबलावर एके दिवशी फोन आला.

तेव्हा लोकांच्या खिशात साधे फोन असत आणि एकेका अक्षरासाठी तेच बटण पुन्हा पुन्हा दाबावं लागे. हा तसा नव्हता. काळा, तळहाताएवढा रुंद, वरच्या अर्ध्या भागात पडदा आणि खालच्या अर्ध्यात डाळिंबाच्या दाण्यांसारखी दाटीने बसलेली बटणं. प्रत्येक अक्षराला स्वतःचं बटण. बाजूला एक इवलंसं चाक. ते अंगठ्याने फिरवायचं आणि हवं ते सापडलं की दाबायचं. ऑफिसची सगळी ईमेलं त्याच्यात येत आणि त्याच्यातून जात.

मोठे साहेब त्याच्यावर भाळले होते. "आपल्या फिरत्या विक्रेत्यांना एकेक देऊन टाकू. गिऱ्हाइकाच्या दारातून ऑर्डर थेट इथे! बाई, तुम्ही आठवडाभर वापरा आणि अभिप्राय लिहा. तुम्ही म्हणाल तसं."

फोन विकायला आलेला टायवाला गृहस्थ निघताना बाईंच्या टेबलापाशी घुटमळला. "मॅडम, ऑर्डर पक्की झाली की नमुना परत घ्यायची आमची पद्धत नाही. तो तपासणाऱ्याकडेच राहतो."

"बरं," बाई म्हणाल्या. तेव्हा त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. त्यांच्या डोक्यात आपल्या रीतीप्रमाणे वेगळाच विचार चालला होता. एवढी बारीक बटणं सगळ्यात जास्त कुणाला छळतील? उत्तर घरातच खुर्चीवर बसलेलं होतं.

बाईंचे सासरे, आप्पा, जन्मभर लिलाव पुकारत आले. जुनं फर्निचर, बुडालेल्या दुकानांचा माल, काय वाटेल ते. आवाज असा, की बाजाराच्या एका टोकाला बोलले की दुसऱ्या टोकाचं गिऱ्हाईक मान वळवून बघे. हातोडा आपटून आपटून अंगठे भेंड्यांसारखे जाड झालेले. गेल्या वर्षी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. देवाने माणूस परत दिला, आवाज मात्र ठेवून घेतला. लिहायला म्हणून मुलाने पाटी आणून दिली, तर आप्पांनी ती पालथी घालून त्यावर चहाचा कप ठेवला. ज्याने बाजार गाजवला, त्याने पोरासारखं पाटीवर गिरवायचं? तेव्हापासून काठी आपटायची, डोळे वटारायचे, एवढंच त्यांचं बोलणं. घरात वाद झाला तर शेवटचा शब्द सासूबाईंचाच. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते हाती आलं होतं, पण त्यात काही गोडी नाही, असं त्या स्वतःच म्हणायच्या.

त्या संध्याकाळी बाईंनी फोन आप्पांच्या मांडीवर ठेवला. "आप्पा, मला तपासायचाय. जरा बटणं दाबून बघा. अक्षरं इंग्रजी आहेत, पण आपलं बोलणं त्यात लिहिता येतं."

इंग्रजी अक्षरं आप्पांना खोक्यांवरच्या खुणांमुळे पाठ होती. त्यांनी फोनकडे असं पाहिलं, जणू कुणी त्यांच्यापुढे बिनपायांचं टेबल लिलावाला ठेवलंय. मग एक अंगठा उतरला. एका वेळी दोन-तीन बटणं दबली. पडद्यावर खिचडी झाली. बाईंनी मनात नोंद केली, ‘जाड बोटांना अवघड.’ आप्पांनी सगळं पुसलं. पुन्हा खिचडी, पुन्हा पुसलं. मग अंगठा आडवा न ठेवता नखाच्या टोकाने दाबायची युक्ती त्यांना सापडली. बऱ्याच वेळाने त्यांनी फोन सुनेपुढे धरला.

‘चहा पाणचट होता.’

वर्षभरात आप्पांचे पहिले शब्द ते! बाईंनी मोठ्याने वाचले. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात थबकल्या. बाईंचा नवरा चष्म्यांच्या दुकानात भिंगं घासायचा. तो नुकताच घरी येऊन चप्पल काढत होता, तो एका पायात चप्पल तशीच ठेवून उभा राहिला.

"एवढ्या दिवसांनी तोंड उघडलं, तेही नावं ठेवायला!" सासूबाई म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसत तडक दुसरा चहा टाकायला आत गेल्या.

मग काय विचारता! बांध फुटला. आप्पांकडे वर्षभराचं बोलणं साठलेलं होतं आणि त्यांनी त्यातलं काहीही सोडलं नाही. पंखा कुरकुरतो. शेजारच्याने भिंतीचा रंग चुकवला. मुलाचे केस विरळ होताहेत, त्याने आत्ताच काहीतरी करावं. अडचण एकच. सासूबाईंना इंग्रजी अक्षरं येत नव्हती, त्यामुळे नवरा-बायकोच्या भांडणात सुनेला दुभाषी व्हावं लागे.

"काय म्हणतायत?"

पडद्यावर होतं, ‘हिने माझ्या निळ्या सदऱ्याचा पोछा केला.’ बाई म्हणाल्या, "विचारतायत, तो निळा सदरा कुठे दिसत नाही."

आप्पांची काठी आपटली. अंगठे चालले. ‘नीट वाच.’

"वाच गं जसं आहे तसं! मी घाबरते की काय यांना?" सासूबाईंनी कंबर कसली.

बाईंनी वाचलं.

"केला! बरं केला! बगलेतून अख्खा हात बाहेर यायचा. चारचौघांत मला लाज वाटायची."

अंगठे पुन्हा चालले. बाईंनी पडद्याकडे पाहिलं आणि त्यांना हसू आवरेना. "आई, ते म्हणतायत... म्हणतायत, बगल माझी, लाज तुला कशाला?"

"वर्षभर घराचं वाचनालय झालं होतं," नवरा भिंगाच्या फडक्याने स्वतःचेच डोळे पुसत म्हणाला, "आता पुन्हा मंडई."

आणि त्याच रात्री उशी नीट करताना बाईंना टायवाल्याचं बोलणं आठवलं. ऑर्डर पक्की झाली, तर नमुना आपल्याकडेच. असा फोन स्वतः विकत घ्यायचा, तर दोघांच्या पगारातही बसण्यासारखा नव्हता. फोन पास झाला तर आप्पांचं बोलणं राहील. नापास झाला तर आठवड्याअखेर ते टायवाल्याच्या बॅगेत बसून परत जाईल. बाईंनी देवाला हात जोडले आणि म्हणाल्या, "फोन चांगलाच निघू दे रे बाबा." आजवर कुठल्या वस्तूसाठी त्यांनी असं मागणं मागितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पाऊल टाकलं तर सगळे माना खाली घालून हसत होते. हिशेबनीस उठून उभे राहिले आणि तोंडावर बोट ठेवून त्यांनी वाकून नमस्कार केला. बाईंना काही कळेना. तेवढ्यात मोठ्या साहेबांनी आत बोलावलं.

"बाई, माझं काही चुकलं का?"

"छे, साहेब! का?"

साहेबांनी आपल्या कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवला. एका विक्रेत्याने सगळ्यांना कळवलं होतं, की गिऱ्हाईक पंपाचा भाव पाडून मागतंय, काय करू? त्यावर साहेबांनी सगळ्यांनाच लिहिलं होतं, की आपलं मत द्या. आणि खाली बाईंच्या नावाने, शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना गेलेलं उत्तर होतं. ‘तुम्ही गप्प बसा. भाव पाडून मागणारा दारापर्यंत जातो आणि परत येतो.’

बाईंनी कपाळाला हात लावला. "साहेब, हे... हे आमच्या सासऱ्यांनी."

"सासरे आपल्या कंपनीत आहेत?"

"नाही हो. ते घरी आहेत. फोन तपासतायत."

साहेब इतके हसले, की बाहेर शिपायाला वाटलं बाईंची नोकरी गेली आणि साहेबांना वेड लागलं. (गिऱ्हाईक मात्र परत आलं नाही. ते दुसऱ्या दुकानात गेलं. आप्पांना हे कुणी सांगितलं नाही.)

घरी येऊन बाईंनी कमरेवर हात ठेवले. "आप्पा, दुसऱ्याच्या ईमेलात तोंड घालायचं?"

आप्पा जराही वरमले नाहीत. ‘गिऱ्हाईक हातचं जाताना दिसलं, राहवलं नाही. पण मी फक्त त्या विक्रेत्याला लिहिलं. सगळ्यांना नाही.’

"मग सगळ्यांना कसं गेलं?"

आप्पांनी करून दाखवलं. पडद्यावर ‘एकालाच उत्तर’ आणि ‘सर्वांना उत्तर’ हे पर्याय अगदी एकमेकांजवळ होते. चाक फिरवून पहिल्यावर थांबायचं आणि दाबायचं. पण दाबताना जाड अंगठ्याखाली ते चाक तेवढंच पुढे घसरे आणि काम भलतंच होई. आप्पांनी पुन्हा करून दाखवलं. पुन्हा घसरलं.

चाळणीत खडा अडकला होता. बाईंना तो नको होता.

‘म्हाताऱ्या हातामुळे होत असेल,’ असं स्वतःला बजावत त्यांनी फोन ऑफिसच्या फिटरकडे नेला. फिटर तरुण होता, पण नुकताच पंप उघडून आलेला, हाताला वंगण. चाक त्याच्याही बोटाखाली सटकलं. "बाई, हे साबणाच्या वडीसारखं निसटतंय की!" बाईंनी त्याला हात धुवून यायला लावलं. धुतल्यावर जमलं. पण विक्रेते पंप खोलून दाखवणार, की आधी हात धुणार? त्यांच्यातले सगळ्यात ज्येष्ठ विक्रेते तर गिऱ्हाइकाला साष्टांग नमस्कार घालून आले, की ऑफिसला त्याच्या कंजूषपणाचं साग्रसंगीत वर्णन कळवायचे. ते वर्णन चुकून त्या गिऱ्हाइकालाच गेलं म्हणजे? पंचवीसेक वर्षांची त्यांची ओळख एका घसरलेल्या चाकावर जायची.

अभिप्राय लिहायला बसल्यावर बाईंच्या मनात एक छान वाक्य तयार होतं. ‘चाक थोडं नाजूक आहे, सवयीने जमेल.’ त्यात खोटं काही नव्हतं. उद्या कुणी जाब विचारला तरी बोट ठेवता आलं नसतं. पेन त्या वाक्याशी जाऊन थांबलं. डोळ्यांपुढे आप्पांचे अंगठे आले, मग ते ज्येष्ठ विक्रेते आले. देवाकडे काही मागावं, तर मागणं आधीच मागून झालेलं. फोन चांगला निघू दे. तो निघाला नाही, याला देव तरी काय करणार? आणि आता चांगला निघाला असं लिहिलं, तर देवाच्या नावावर आपण खोटा माल खपवल्यासारखं होईल.

त्यांनी लिहिलं, ‘बसून काम करणाऱ्यासाठी उत्तम. फिरत्या विक्रेत्यांसाठी नापास.’ खाली कारण आणि सही.

साहेबांनी वाचून उसासा टाकला. "मला फार आवडला होता हो. पण तुम्ही म्हणाल तसं म्हणालो होतो ना!"

आप्पांना सांगणं जास्त कठीण होतं. बाईंनी खुर्चीशेजारी बसून सगळं सांगितलं, नमुन्याची गोष्टसुद्धा. आप्पांचे अंगठे बराच वेळ बटणांवर नुसते टेकून राहिले. मग हळूहळू अक्षरं उमटली.

‘आधी सांगायचंस. मी चाक जपून फिरवलं असतं.’

"जपून फिरवलं असतंत तर मला दोष सापडला असता का? ऑफिसात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं."

‘म्हणजे मीच नापास केला?’

"तुम्हीच."

आप्पांचे खांदे हलायला लागले. आवाज नव्हता, पण ते हसत होते. हसता हसता त्यांनी फोन पुसला, दोन्ही हातांनी सुनेच्या हातात दिला आणि खुर्चीच्या दांड्यावर मूठ आपटली. लिलाव संपला.

फोन गेला. जेवणं मुकाट्याने झाली. आप्पा खिडकीपाशी बसले आणि सासूबाई ताटं उचलता उचलता एकदम थांबल्या.

"अगं, हे बघ. यांचे अंगठे अजून बोलतायत."

खरंच, आप्पांचे अंगठे मांडीवर एकामागून एक बटणं दाबल्यासारखे हलत होते. सासूबाईंनी ताटं तिथेच ठेवली, कपाटामागून बुटांच्या खोक्याचं झाकण काढलं आणि सुनेपुढे टाकलं. "यावर अक्षरं काढ. मोठी काढ. आणि आपली काढ, इंग्रजी नकोत. तू सगळं गोड करून सांगतेस, मला कळत नाही की काय?"

बाईंनी जाड पेनाने ओळींत अक्षरं काढली, काना-मात्रांसाठी खाली जागा केली. सासूबाईंनी झाकण आप्पांच्या मांडीवर ठेवलं आणि समोर स्टूल ओढून बसल्या. आप्पांनी भुवया चढवून पाहिलं. पालथं घालणार, असं सगळ्यांना वाटलं. पण आठवडाभर बोललेल्या माणसाला पुन्हा मुकं राहणं जमेना. त्यांचा अंगठा एका अक्षरावर टेकला, मग दुसऱ्यावर.

सासूबाई प्रत्येक अक्षर शाळेतल्यासारखं मोठ्याने म्हणू लागल्या. दोन-तीन शब्दांनंतर त्यांचा आवाज बारीक झाला. मग नुसतेच ओठ हलले. मग तेही थांबले. कानांच्या पाळ्यांपर्यंत लाली चढली आणि त्यांनी झाकणच उलटं करून टाकलं.

"काय म्हणाले गं आई?" मुलाने विचारलं.

"तुला काय करायचंय? जा, तुझी भिंगं घास."

आणि स्टूल थोडं पुढे सरकवून त्यांनी झाकण पुन्हा सुलटं केलं.