आईच्या पावलापेक्षा हलका

आमच्या बाबांना मुलांच्या जन्मतारखा विचारल्या तर ते आईकडे बघतात, पण ट्रॅक्टरची माहिती त्यांना तोंडपाठ आहे. पंचेचाळीस घोड्यांचं डिझेल इंजिन, पाच गिअर पुढे, एक मागे, वजन साडेचार टन. चाकं नाहीत, रणगाड्यासारखे लोखंडी पट्टे. स्टिअरिंगही नाही, दोन दांडे. डावीकडे वळायचं तर डावा दांडा ओढून तो पट्टा थांबवायचा, की धूड जागच्या जागी फिरतं. कातळ सपाट करून कलमं लावायला त्यांनी तो जुनापुराणा घेतला. कलमं आता हापूस देतात. ट्रॅक्टर काहीच देत नाही, गेटाबाहेर फणसाखाली गंजत असतो.

बाबांना तो घरामागच्या मांगरात, अवजारांच्या छपराखाली हवा होता. वाट एकच, घरापुढच्या खळ्यातून. आणि खळं म्हणजे आईचा जीव. पावसाळा सरला की माती घालून, चोपून, शेणाने सारवून ती ते असं करते की सांडलेला भात वेचून खावा. तुळशीचं लग्न तोंडावर आलं होतं. ते उरकलं की ट्रॅक्टर घेऊन जा, असं तिने चिपळूणच्या भंगारवाल्याला परस्पर सांगूनही ठेवलं होतं.

हे कळल्यावर बाबांचा चहा गार झाला. "अगं, वजनावर जाऊ नकोस. पट्ट्यांवर ते पसरतं. चौरस सेंटिमीटरला अर्धा किलोसुद्धा दाब नाही. तुझ्या पावलाचा जास्त भरेल."

बाबांचं गणित बरोबर होतं. ते बायकोला ऐकवायचं नसतं, एवढं मात्र माहितीपत्रकात छापलेलं नसावं.

"माझ्या पावलाचा?" आई म्हणाली. "मग आणा त्याला खळ्यातून. पोपडा उडाला नाही तर ठेवा मांगरात. उडाला तर भंगारात."

मला बाबांचीच काळजी वाटली. त्या ट्रॅक्टरवर बसले की ते तरुण दिसतात.

धूर ओकत तो गेटातून आत आला. पट्ट्यांचे दात कातळावर झिजून कधीच गुळगुळीत झालेले, त्यामुळे खळ्यावर नुसती फिकट नक्षी उमटली. आई वाकून वाकून बघत होती आणि तिला खोट सापडत नव्हती. तुळशीसमोर मांगराकडे वळायचं होतं. बाबांनी विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं आणि डावा दांडा ओढला.

ट्रॅक्टर जागच्या जागी फिरला. त्याच्याबरोबर खळंही फिरलं. गाडाभर माती उकरून स्वारी मांगरात शिरली.

"सरळ जाताना सगळेच गुणी असतात," आई म्हणाली. "वळताना कळतं."

बाबांनी लाकडी चोपणं उचललं आणि उकिडवे बसून माती चोपायला लागले. संध्याकाळी भंगारवाल्याचा फोन आला. आईने मांगराकडे पाहिलं, मग खळ्याकडे. बाहेर न्यायची वाटही हीच होती आणि वळणही हेच.

"येऊ नका हो," ती फोनवर म्हणाली. "तो आता माझ्या खळ्यातून परत जाता कामा नये."

चोपणं क्षणभर थांबलं. बाबांनी मान आणखी खाली घातली.

"हसू नका," आई म्हणाली. "दाब वाढवा जरा."