सुभेदाराचं बक्षीस कुठल्या कप्प्यात?

"बैल शेतकऱ्याचा, गोठा शेतात, वैरण शेतातली. मग बक्षीस शेतीचंच की वो, म्याडम."

आनंदराव हवालदार माझ्या टेबलावर इन्कम टॅक्सची नोटीस ठेवून हे म्हणाले, तेव्हा मला हसू दाबावं लागलं. मी कराडमध्ये टॅक्स कन्सल्टंट आहे. इतकी वर्षं रिटर्न भरतेय, पण हा युक्तिवाद नवीन होता आणि खरं सांगायचं तर ऐकायला वाईटही नव्हता.

हवालदार रहिमतपूरजवळचे. सैन्यातून निवृत्त, घरचा तीन एकर ऊस आणि गोठ्यात शर्यतीचा एक बैल. बैलाचं नाव सुभेदार. "जी बढती मला न्हाई मिळाली ती त्याला दिली," असं ते स्वतःच सांगतात. या सुभेदाराने एका मोठ्या मैदानात पहिला नंबर मारला आणि बक्षिसाला चारचाकी मिळाली. छोटीच, साडेतीन लाखांची. शर्यतीच्या कमिटीने ती हवालदारांच्या नावावर केली, त्यांचा पॅन नंबरही घेतला आणि पुढे बक्षिसाचा आकडा इन्कम टॅक्सला कळवला, कर मात्र कापला नाही. हवालदारांनी कोपऱ्यावरच्या ऑनलाइन सेवा केंद्रातून रिटर्न भरलं आणि साडेतीन लाख 'शेती उत्पन्न' म्हणून दाखवले. शेती उत्पन्न करमुक्त असतं, एवढं आपल्याकडे सगळ्यांना पाठ असतं. खात्याला ते पटलं नाही, म्हणून ही नोटीस.

"हवालदारसाहेब, शेती उत्पन्न म्हणजे जमिनीतून पिकवलेलं. सुभेदार पिकला नाही, पळाला," मी म्हटलं.

मग कोरा कागद घेऊन त्यावर पाच चौकोन काढले. हे मी सगळ्यांसाठी करते. एकूण उत्पन्न काढायचं म्हणजे वर्षात आलेला प्रत्येक रुपया कुठल्या तरी एका कप्प्यात टाकायचा. पहिला पगाराचा. त्यांची पेन्शन त्यात बसते. दुसरा घरभाड्याचा. मलकापुरातला त्यांचा गाळा भाड्याने दिलाय, ते भाडं तिथे. तिसरा धंद्याचा, चौथा मालमत्ता विकून झालेल्या नफ्याचा. जे कुठेच बसत नाही ते पाचव्यात, म्हणजे 'इतर' मध्ये. बँकेचं व्याज तिथे जातं. शर्यतीचं बक्षीसही तिथेच, आणि वर त्याला वेगळा दर. सरळ तीस टक्के आणि त्यावर सेस. बाकीचं उत्पन्न कमी असलं तरी सूट नाही.

"बरं, मग खर्च वजा करा," हवालदार म्हणाले. "रोज चार लिटर दूध, अंडी, बदाम, उडदाची डाळ. वर टेम्पोभाडं."

"बक्षिसातून खर्च वजा होत नाही."

"आवं, मग त्यो पळतोय कशावर?"

त्यात माझी जीभ घसरली. शर्यतीचे घोडे पाळणाऱ्याला खर्चाची सवलत आहे, हे मी बोलून गेले. हवालदार खुर्चीतून अर्धे उठले. "घोड्याला हाय आणि बैलाला न्हाई? ह्यो कायदा केला कुणी? घोडेवाल्यानं?"

सोबत त्यांच्या पत्नी सुनंदाकाकी होत्या. त्या म्हणाल्या, "हासू नका, म्याडम. किती भरायचं त्ये सांगा. विट्याचा एक माणूस सुभेदाराला मागतोय. परवा इसार घिऊन येतो म्हणलाय."

मी आकडेमोड केली. कर एक लाख नऊ हजार, वर व्याज. आणि चुकीचं उत्पन्न दाखवल्याचा ठपका बसला तर दंड, तो करापेक्षाही जास्त होऊ शकतो. सगळं मिळून तीन लाखांच्या पुढे, म्हणजे वापरलेली गाडी विकूनही पुरणार नव्हतं. बँकेत काही शिल्लक आहे का, असं विचारलं.

"एफडी हुती. मोडली. जगन्नाथअण्णांचा निम्मा वाटा दिला," हवालदार म्हणाले.

इथे माझा पेन थांबला. कसला वाटा?

शर्यतीच्या गाडीला दोन बैल लागतात. पुष्कळदा दोन मालक आपापला एकेक बैल आणून एका गाडीला जुंपतात. याला पैरा म्हणतात. बक्षीस निम्मं निम्मं. सुभेदाराच्या जोडीला तासगावच्या जगन्नाथअण्णांचा पाखऱ्या होता. चारचाकीचे दोन तुकडे करता येत नाहीत, म्हणून हवालदारांनी गाडी ठेवली आणि अण्णांना पावणेदोन लाख रोख दिले.

"अहो, हे आधी सांगायचं ना! निम्मं उत्पन्न तुमचं नाहीच. कागद आहे?"

"पैऱ्याचा कागुद करत न्हाईत, म्याडम. शब्द असतोय."

शब्द पोर्टलवर अपलोड होत नाही. आजकाल नोटिशीचं उत्तर ऑनलाइन द्यायचं असतं. अधिकारी कुठे बसलाय ते कळत नाही. चेन्नईत असेल, गुवाहाटीत असेल. त्याला मी पैरा समजावणार कसा? शिवाय नोटीस आल्यावर वाटेकरी उभा केला, असंच तो म्हणणार. आणि अण्णांनी वाटा कबूल केला तर निम्मा कर त्यांच्या गळ्यात. पावणेदोन लाख खिशात पडलेला माणूस स्वतःहून हे ओढवून घेईल, असं मला अजिबात वाटलं नाही. या धंद्यात सख्खे भाऊ हात वर करताना पाहिलेत.

तरी फोन लावला. स्पीकरवर ठेवून सगळं स्पष्ट सांगितलं, कराचा आकडाही लपवला नाही. अण्णांनी एवढंच विचारलं, "सुभेदार इकायला काढलाय म्हणत्यात, खरं हाय?"

"तशी वेळ आली आहे."

"उद्या येतो. माजी फाइल घिऊन."

दुसऱ्या दिवशी दहाच्या आत अण्णा हजर. पांढरी टोपी, काखेत प्लॅस्टिकची पिशवी. त्यांचं खताचं दुकान आहे, त्यामुळे रिटर्न दरवर्षी भरतात. मी त्यांचं रिटर्न उघडलं आणि खुर्ची पुढे ओढली. 'इतर करमुक्त उत्पन्न' या रकान्यात पावणेदोन लाख, आणि तपशिलात चक्क लिहिलेलं: बैल बक्षीस, निम्मा वाटा. कप्पा साफ चुकलेला. पण तारीख हवालदारांच्या नोटिशीच्या चार महिने आधीची. मला इतका आनंद झाला की मी लगेच चहा सांगितला.

"अण्णा, हे करमुक्त नाही. तुम्हाला रिटर्न सुधारावं लागेल. कर, व्याज आणि उशिराचा जादा भार, सगळं तुमच्या खिशातून."

"व्हय, काल सांगितलंसा की." मग ते हवालदारांकडे वळले. "गड्या, बैल दोघांचं पळालं. मग टॅक्स एकट्यानं कसा भरशील?"

हवालदारांनी उठून अण्णांना आपली खुर्ची दिली. काकींनी पदर डोळ्यांना लावला.

उत्तरात मी अण्णांचं रिटर्न जोडलं आणि फायनलच्या व्हिडिओची लिंक दिली. त्यात दोन्ही मालकांची नावं माइकवरून तीनदा पुकारली आहेत. सोबत शर्यतीच्या गाडीचा फोटो, त्यावर दोन्ही बैल दाखवणारे दोन बाण. एका बैलाने ही गाडी ओढता येत नाही, असं वाक्य मी इंग्रजीत लिहिलं आणि दोनदा तपासलं. घोड्याच्या सवलतीचाही एक परिच्छेद टाकला, हवालदारांच्या आग्रहाखातर. सवलत मिळाली नाही.

बाकीचं मिळालं. निम्मंच उत्पन्न धरलं, दंड लावला नाही, व्याज लावलं. विट्याच्या माणसाला इसार न घेताच परत पाठवलं होतं. हवालदारांनी कर भरायला चारचाकी विकली आणि पावती दाखवायला एसटीने आले.

"हेच्यावर सुभेदाराचं नाव पायजे हुतं. त्येनंच भरलाय," ते म्हणाले.

"त्याचं पॅन कार्ड नाही, हवालदारसाहेब."

"न्हाई तेच बरं हाय," काकी म्हणाल्या.

तेव्हापासून रिटर्न भरायला कुणीही आलं की मी पगार, भाडं, व्याज सगळं विचारून घेते आणि शेवटी विचारते, "गोठ्यात कोण आहे? आणि तो कुणाच्या जोडीनं पळतो?"